डोळ्यातला ब्रेक

खेकड्याचे डोळे दोन दांड्यांवर असतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण त्याच दांड्यात मादीच्या अंडाशयाचा ब्रेकही असतो!

हे कळलं 1943 साली. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात, आणि पानूझ नावाचा संशोधक कोळंबीचे डोळे कापत बसलेला. (धन्य!) हंगाम नसताना त्याने माद्यांचे डोळे दांड्यासकट काढले, तर अंडाशयं भराभर वाढू लागली. म्हणजे डोळ्याकडून 'थांब' असा निरोप सतत जात होता. दांड्यातल्या एक्स-ऑर्गनच्या चेतापेशी हे हार्मोन बनवतात आणि शेजारची सायनस ग्रंथी ते साठवून रक्तात सोडते. आमच्या भाषेत हे लॉक... काढलं की अडलेली प्रोसेस सुरू.

पण नुसता ब्रेक काढून गाडी पळत नाही, ॲक्सिलरेटर हवाच. तो दिसला गोड्या पाण्यातल्या खेकड्यात. 1960 साली जपानच्या ओत्सू यांनी पोटॅमॉन देहानी या जातीत छातीतल्या चेतागुच्छाचं रोपण केलं, आणि अंडाशय वेळेआधीच वाढलं.

बरं, ब्रेक हवाच कशाला? तर मादी अंडी पोटाखाली चिकटवून फिरते. अशात तिने कात टाकली, तर कवचाबरोबर अंडीही जाणार! शिवाय कात आणि अंडी, दोन्हींचा खर्च शरीरातल्या त्याच साठ्यातून. कात टाकायला लावणाऱ्या वाय-ऑर्गनचा लगामही याच दांड्यात आहे. गोड्या पाण्यातल्या खेकडीला तर जास्तच सांभाळावं लागतं, कारण अंड्यातून थेट इवलाले खेकडे निघतात आणि काही दिवस आईच्याच पोटाखाली राहतात.

आपल्याकडेही यावर काम झालंय बरं का. मराठवाडा विद्यापीठाचे दिवाण आणि नागभूषणम यांनी बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस या आपल्या नदीनाल्यांतल्या खेकड्याचं प्रजननचक्र आणि जननग्रंथींतले रासायनिक बदल 1974 साली प्रसिद्ध केले. प्रयोगशाळेसाठी प्राणी कुठून मागवायला नको, ओढ्यावर जायचं!

पानूझच्या प्रयोगाचं पुढे काय झालं? 1970 च्या दशकापासून कोळंबीच्या हॅचरीत तो रोजचं काम होऊन बसला. मादीचा एक डोळा कापायचा किंवा चिरडायचा, की ती लवकर अंडी देते. दोन्ही काढले तर बऱ्याचदा मरते, म्हणून एकच. हिशोब चोख आहे, पण मला तो पटत नाही. आता काही हॅचरी निवडक पैदास आणि चांगल्या खाद्यावर भर देऊन डोळा शाबूत ठेवूनच अंडी मिळवतायत.