विषाची साक्ष

गोंदिया जिल्ह्याच्या अरण्यांत वसंत आला कीं मोहाच्या झाडाखालीं पहांटे फुलांचा सडा पडतो. हीं फुलें वाळवून खातात, तशीच आंबवून त्यांची दारूही गाळतात. परंतु अमुक मनुष्य प्यालेला होता, हें न्यायालयांत सिद्ध कसें करावें? तोंडाचा वास आणि झोकांड्या हा नशेचा निर्णायक पुरावा नव्हे, असें महाराष्ट्रांतील एका वाहनचालकाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७१ सालीं सांगितलें. मग रसायनपरीक्षकाकडेच वळावें लागतें. त्याची विद्या कशी वाढली, तें थोडक्यांत पाहूं.

१८३३ सालीं इंग्लंडांत जॉन बॉडल या तरुणावर आजोबांस सोमल घातल्याचा आरोप आला. जेम्स मार्श या रसायनज्ञास सोमल सांपडला. पण त्याचा पिवळा साका पंचांपुढें येईपर्यंत बिघडला आणि आरोपी सुटला. मार्शनें १८३६ सालीं नवी रीत प्रसिद्ध केली. संशयित द्रव्य जस्त व आम्ल यांत घालून निघणारा वायु तापविला, म्हणजे कांचेवर सोमलाचा काळसर, चकचकीत थर बसतो. तो टिकतो व पंचांस दाखवितां येतो. पुढें १९२२ सालीं स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनीं रक्ताच्या थोड्या थेंबांतील मद्यार्क मोजण्याची रीत दिली.

मात्र या विद्येसही सीमा आहे. लक्ष्मीबाई कर्वे १२ नोव्हेंबर १९५६ रोजीं रात्रीं डॉ. अनंत लागू यांच्यासह पुण्याहून आगगाडीनें मुंबईस निघाल्या. पहांटे त्यांस बेशुद्धावस्थेंत रुग्णालयांत नेलें. त्याच दिवशीं त्या वारल्या. शवपरीक्षा दहा दिवसांनीं झाली. रसायनपरीक्षकास विष सांपडलें नाहीं आणि त्यानें तसेंच लिहून दिलें. तरीही परिस्थितिजन्य पुराव्यावर डॉ. लागू दोषी ठरले. सर्वोच्च न्यायालयानें १९५९ सालीं तो निर्णय बहुमतानें कायम केला. निष्कर्ष काढणें हें न्यायालयाचें काम. न सांपडलेलें विष कल्पनेनें न लिहिणें, हा परीक्षकाचा धर्म.

प्रादेशिक प्रयोगशाळा नागपूर येथें आहे. गोंदियाहून लोहमार्गानें तें अंतर सुमारें १३० किलोमीटर. वैशाखाच्या उन्हांत रक्त नासलें, तर सूक्ष्म जंतु त्यांतील साखरेपासून मद्यार्क उत्पन्न करूं शकतात. म्हणजे थेंबही न प्यालेला मनुष्य मद्यपी ठरावयाचा! यासाठीं कुपींत सोडियम फ्लोराइड घालतात आणि रक्त काढतांना कातडी स्पिरिटनें पुसत नाहींत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें चालकास घातलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तांत अवघी ३० मिलिग्रॅम आहे. एवढ्याशा मापावर एखाद्याचें स्वातंत्र्य आणि त्याच्या घराची भाकरी अवलंबून असते.

कांचेच्या नळीस पक्षपात ठाऊक नाहीं. पण ती बोलते तें आपण तिच्यापर्यंत पोंचविलेल्या थेंबाविषयींच. तेव्हां तालुक्याच्या दवाखान्यांत कुपीवर नीट मोहर करणारा साधा नोकर हाही न्यायाचाच सेवक होय.