घर पाहायला निघण्यापूर्वी

दसरा किंवा गुढीपाडवा जवळ आला, की वृत्तपत्रांची पाने गृहप्रकल्पांच्या जाहिरातींनी भरून जातात आणि रविवारी सहकुटुंब जागा पाहण्याचा कार्यक्रम सुरू होतो. चार-पाच ठिकाणे पाहून झाली की पहिल्या जागेतले स्वयंपाकघर, दुसरीतली बाल्कनी आणि तिसरीचा दर यांची मनात सरमिसळ होते. त्यातच 'आजच बुकिंग केल्यास सवलत' असे कानावर पडले, की धनादेशावर सही होऊन जाते. अशा वेळी चूक होते ती बहुधा पैशांच्या हिशेबात नव्हे. आपल्याला नेमके काय हवे, हेच निघण्यापूर्वी ठरलेले नसते.

यावर साधा उपाय म्हणजे यादी. मात्र ती कर्त्या माणसाने एकट्याने करू नये. घरातल्या प्रत्येकाने आपली अपेक्षा वेगळ्या कागदावर लिहावी आणि नंतर सर्वांनी एकत्र बसून 'यावाचून चालणार नाही' आणि 'असल्यास बरे' असे दोन भाग करावेत. क्लब हाऊस आणि जलतरण तलाव दुसऱ्या भागात गेले, तर बजेटवरचा बराच ताण हलका होतो. वास्तुशास्त्र मानायचे की नाही, हेही याच बैठकीत ठरवावे. करार झाल्यावर स्वयंपाकघराच्या दिशेवरून वाद घालण्यात अर्थ नसतो.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी अशी बैठक झालीच नाही. वडिलांनी स्टेशनपासून दहा मिनिटांवरची, तिसऱ्या मजल्यावरची, हवेशीर जागा घेतली. इमारतीला लिफ्ट नव्हती. त्या वेळी कोणालाही ते खटकले नाही. आज आईचे गुडघे दुखतात, आणि भाजी आणणे व देवळात जाणे ही तिची दोन्ही हौसेची कामे आठवड्यातून एका फेरीवर आली आहेत. जागा घेताना तिला कोणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी त्या वयात तिने लिफ्ट मागितली नसती.

म्हणूनच यादी करताना आजचे नव्हे, तर कर्ज फिटेल तेव्हाचे वय धरावे. वीस वर्षांचे कर्ज असेल तर पाच वर्षांचा मुलगा पंचवीस वर्षांचा होईल आणि पन्नाशीचे वडील सत्तरीत असतील. चाकांची खुर्ची साधारण सव्वादोन फूट रुंद असते. न्हाणीघराचा दरवाजा त्याहून अरुंद असेल, तर पुढे तोडफोड अटळ आहे.

खोल्यांच्या संख्येपेक्षा त्यांची मापे महत्त्वाची. दहा बाय दहाच्या खोलीत सहा फुटी पलंग आणि त्याच रांगेत दोन फूट खोलीचे कपाट ठेवले, की वावरायला उरतात दोन फूट, आणि त्यातच कपाटाचे दार उघडायचे असते. नमुना सदनिकेत ही अडचण जाणवत नाही, कारण तिथले फर्निचर खोलीच्या बेताने केलेले असू शकते. आपल्या घरातल्या पलंगाची, फ्रिजची आणि शिलाई यंत्राची मापे कागदावर लिहून, टेप खिशात घेऊनच जावे. विक्रेता हसला तर हसू द्यावे.

मापाची भाषाही समजून घ्यावी. 'सुपर बिल्ट-अप' या शब्दात जिना, लॉबी असे बरेच काही सामावलेले असते. २०१६ च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित केली. त्यात अंतर्गत भिंतींची जागा धरली जाते; मात्र बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरली जात नाही. तुलना करायची ती याच आकड्याची. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट, हे लक्षात ठेवावे.

दिशेचा विचार पंचांगापेक्षा पावसासाठी करावा. मुंबई-कोकणात नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस पश्चिमेच्या व दक्षिणेच्या भिंतींना झोडपतो आणि ओल तिथूनच येते. उन्हाळ्यात दुपारनंतर तापतात त्याही पश्चिमेच्याच खोल्या. मुलांच्या अभ्यासाची खोली ठरवताना याचा विचार व्हावा.

आता पैसा. समजा, मुंबईत बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ६० लाखांची जागा घ्यायची आहे. ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात बँका किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देऊ शकतात, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ लाख आपले. त्यावर ६ टक्के दराने मुद्रांक शुल्क ३ लाख ६० हजार, नोंदणी शुल्क ३० हजार आणि ५ टक्के दराने जीएसटी ३ लाख. एकूण १८ लाख ९० हजार रुपये हाताशी हवेत, आणि यात लोखंडी जाळ्या, पंखे, सोसायटीची अनामत धरलेलीच नाही. जागा फक्त महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीत जीएसटी लागत नाही. ताबा लगेच हवा की थांबता येईल, हा निर्णय म्हणूनच यादीत वरच्या क्रमांकावर असावा.

वाहन असणाऱ्यांनी पार्किंगची अपेक्षा स्पष्ट लिहावी. मोकळी किंवा स्टिल्टखालची जागा विकासक स्वतंत्रपणे विकू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला आहे.

यादीशी जुळणारी जागा सापडली, तर नव्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक संकेतस्थळावर तपासावा. ताब्याची जाहीर केलेली तारीख तिथे दिसते. करार नोंदवल्याशिवाय विकासक किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही. जुन्या इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, हे सोसायटीच्या सचिवांना विचारावे.

त्यानंतर एकदा कामाच्या दिवशी सकाळी आठला तिथून कार्यालयापर्यंत प्रवास करून पाहावा आणि एकदा रात्री दहानंतर तिथे जावे. मे महिना असेल तर उत्तमच. पाणी किती वेळ येते आणि टँकर किती येतात, हे जाहिरातीत छापलेले नसते. फाटकावरचा रखवालदार मात्र विचारल्यावर सांगतो.