जाकिटाची पाठ

मराठीतील ‘जाकीट’ हा शब्द इंग्रजीतून आला हे उघड आहे; परंतु येताना तो आपल्या बाह्या विलायतेतच ठेवून आला. इंग्रजांचे जॅकेट बाह्यांचे, आपले जाकीट बिनबाह्यांचे. इंग्रज ज्याला वेस्टकोट म्हणतो त्याच्याशी आपण या वस्त्राची सांगड घालतो आणि इंग्रजी अंमलाबरोबर ते आपल्याकडे आले, असे म्हणून मोकळे होतो. इतरांनी तसे म्हटले तर समजण्यासारखे आहे. बुऱ्हाणपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांनी मात्र ते इतक्या सहजी मान्य करू नये.

१६०१ मध्ये अशीरगड पडला आणि खानदेशाचा हा भाग मोगलांकडे आला. तेव्हापासून बुऱ्हाणपूर हे दक्षिणेच्या मोहिमांचे ठाणे बनले. १६१५ मध्ये इंग्रज राजदूत सर टॉमस रो अजमेरकडे जाताना येथे थांबला व शहजादा परवेझच्या दरबारात गेला. त्या काळी दिल्लीपतीच्या गादीवर असलेल्या जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात एका खास वस्त्राचे वर्णन केले आहे. कबा नावाच्या अंगरख्यावरून ते घालावयाचे; त्याला बाह्या नसत, पुढून गुंड्या असत आणि त्याची लांबी मांड्यांपर्यंत असे. इराणी लोक त्याला ‘कुर्दी’ म्हणतात, आपण त्याला ‘नादिरी’ हे नाव दिले, असे तो सांगतो. बादशहाने बहाल केल्यावाचून ते कोणी वापरू नये, असाही हुकूम होता. थोडक्यात, बिनबाह्यांचे, पुढून गुंड्यांचे आणि इतर कपड्यांवरून घालावयाचे मानाचे वस्त्र या देशात सतराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण परिचित होते.

आता विलायतेकडे पाहू. ऑक्टोबर १६६६ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्याच वर्षी, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने दरबारासाठी ‘व्हेस्ट’ नावाचा नवा पोशाख जाहीर केला. सॅम्युअल पेपिस आणि जॉन एव्हलिन या दोघांच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे. सरदारांना काटकसर शिकवावी हा हेतू होता, असे पेपिस लिहितो. एव्हलिन त्या तऱ्हेला सरळ ‘इराणी’ म्हणतो. वेस्टकोटाचा जन्म येथून मोजतात. जहांगीरही इराणचे नाव घेतो आणि एव्हलिनही, हा योगायोग मला लक्षणीय वाटतो. निदान त्या काळच्या माणसांच्या मनात तरी दोन्ही वस्त्रांचे माहेर एकच होते.

तरीही दोन्ही घराणी एक नव्हेत. फरक ओळखण्याची खूण पुढे नाही, पाठीला आहे. इंग्रजी वेस्टकोट कोटाच्या आत असतो. म्हणून त्याचा पुढचा भाग उंची कापडाचा, तर पाठ अस्तराच्या कापडाची असते व तिला आवळण्यासाठी पट्टा असतो. कोट उतरवला की ही पाठ उघडी पडते. त्यामुळेच साहेबी रिवाजात समारंभात कोट काढणे अप्रशस्त मानीत. आपल्या जाकिटावर कोट नसतो. सदऱ्यावर तेच शेवटचे वस्त्र. म्हणून त्याची पाठ पुढच्याच कापडाची असावी लागते. शिवण, खिसे, मापाची बेतणी ही साहेबाची. परंतु वापरण्याची जागा नादिरीची. माझ्या मते जाकिटाचा खरा वंश या जागेवरून ठरवावा, शिवणीवरून नव्हे.

आपली घराणी या प्रदेशात आली ती बंदांच्या काळात. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाकडून बुऱ्हाणपूर पेशव्यांना मिळाले, पुढे ते शिंद्यांकडे गेले. कारकून, भिक्षुक, सावकार, शिलेदार असे लोक आले ते बाराबंदी व अंगरखा लेऊन. बाराबंदीला गुंडी नाही, बंदांच्या गाठी. आणि पैसाअडका धोतराच्या कनवटीला. इंग्रजी अंमल व आगगाडी आल्यावर कचेरीत जाणाऱ्याला घड्याळ, चष्मा, कागद जवळ बाळगावे लागले. धोतर तर सोडावयाचे नव्हते. तेव्हा सदऱ्यावर जाकीट आले: खिसे मिळाले, छातीवर नीटनेटकेपणा आला आणि खालचे धोतर, डोक्यावरची पगडी किंवा टोपी तशीच राहिली. पाटलोण घालणाऱ्याने आपला वेश बदलला. जाकीट घालणाऱ्याने फक्त त्यात भर घातली. कनवटीपासून खिशापर्यंतचा हा प्रवास आपल्या सामाजिक इतिहासात कोणी फारसा लिहिलेला नाही.

घरगुती आणि समारंभाचे जाकीट यांतील भेदही बेतात नव्हता, कापडात होता. घरी जाड सुती कापडाची बंडी, हिवाळ्यात कापूस भरलेली. तिच्या गुंड्या उघड्या राहिल्या तरी कोणी नाव ठेवीत नसे. लग्नाकार्याला रेशमी किंवा लोकरी कापडाचे, उभ्या गळपट्टीचे जाकीट, सर्व गुंड्या लावलेले. वेस्टकोटाची शेवटची गुंडी मोकळी सोडण्याची रीत सातव्या एडवर्डपासून पडली असे सांगतात. उभ्या गळपट्टीच्या जाकिटाला तिचा काहीही संबंध नाही. आजचे हौशी तरुण तीही मोकळी सोडतात, हे जाता जाता.

पंडित नेहरूंमुळे या वस्त्राला देशभर प्रतिष्ठा आली आणि ‘जवाहर जाकीट’ हे नाव रूढ झाले. मौज अशी की १९६० नंतरच्या दशकात पाश्चात्त्यांनी ‘नेहरू जॅकेट’ म्हणून जे उचलले ते बाह्यांचे होते, म्हणजे अचकनीचे धाकटे भावंड. शब्दाने विलायतेत ठेवलेल्या बाह्या अशा परत मिळाल्या. २०१४ नंतर त्याच बिनबाह्यांच्या वस्त्राला आणखी एका पंतप्रधानांचे नाव लागले.

या साऱ्यात बुऱ्हाणपूरचा वाटा कोठला? टॅव्हर्निए सतराव्या शतकात लिहितो की येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान व कैरोपर्यंत जात असे. काहींत सोन्याचांदीच्या तारा असत. तार ओढणे, ती चपटी करणे आणि रेशमावर गुंडाळणे हा येथील मोठा धंदा एकोणिसाव्या शतकातही चालू होता. १९०६ मध्ये ताप्ती मिल निघाली, नंतर यंत्रमाग वाढले. आज या शहराची ओळख ज्या कापडांमुळे आहे त्यांत बुकरम आणि अस्तर ठळक आहेत. बुकरम म्हणजे जाकिटाच्या गळपट्टीला व छातीला आतून ताठ ठेवणारे कापड. एके काळी दरबारच्या अंगावर झळकणारे कापड विणणारे गाव आता शिवणीच्या आत दडणारे कापड पुरवते.

जुनी जरीची वस्त्रे मात्र घराघरांतून नाहीशी झाली. ती कसरीने जितकी खाल्ली त्याहून अधिक आपणच जाळली. जर जाळून चांदी काढणे हा अनेक कुटुंबांचा अडीनडीचा मार्ग होता. जी सुती, लोकरी जाकिटे उरली ती बोहारणीच्या टोपलीत गेली, त्या बदल्यात पातेली आली. अद्याप एखाद्या ट्रंकेत पणजोबांचे जाकीट असेल तर ते देऊन टाकण्यापूर्वी उलटून पाहावे. पाठ अस्तराची व पट्ट्याची असेल तर पणजोबा कोट घालून कचेरीत जात असत. पाठ पुढच्याच कापडाची असेल तर ते सदऱ्या-धोतरावर तेवढेच घालून जात. दोन्ही परी पाहिलेले नाव, गाव व अंदाजे साल चिठ्ठीवर लिहून त्याच खिशात ठेवावे.