काँक्रीटची वरची कातडी

अमेरिकेत घरापुढच्या काँक्रीटच्या ड्राइव्हवेचे पोपडे उडाले, की मालक दोन आरोपी उभे करतो : थंडी आणि बर्फ वितळवायचे मीठ. दोघांचा हात आहेच. पण दुखणे बहुतेक वेळा काँक्रीट ओतल्यावर पहिल्या काही तासांतच पेरले गेलेले असते, आणि वरून मारलेली ठिगळे टिकत नाहीत त्याचे कारणही तिथेच आहे. ओहायोतल्या बेलफाउंटन गावाचा इतिहास पाहा. जॉर्ज बार्थोलोम्यूने १८९१ मध्ये तिथल्या मेन स्ट्रीटवर आठ फूट रुंदीचा पट्टा ओतला, मग १८९३ मध्ये कोर्टाभोवतीचे रस्ते केले. गावाला या नव्या प्रकाराचा भरवसा नव्हता. तेव्हा पाच वर्षे रस्ता टिकेल, अशी ५,००० डॉलरची हमी त्याला द्यावी लागली. घोड्यांचे पाय घसरू नयेत म्हणून वर खाचाही पाडल्या होत्या. तिथे दर हिवाळ्यात पाणी गोठते, तरी कोर्ट ॲव्हेन्यूवरचे जुने काँक्रीट शंभर वर्षे उलटूनही वापरात राहिले.

यावर कोणी म्हणेल की त्या रस्त्याने सुरुवातीला घोडागाड्याच पाहिल्या, आणि मिठाचा खरा मारा दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला. आक्षेप रास्त आहे; एका रस्त्यावरून सिद्धांत मांडू नये. पण पुढचा पुरावाही काँक्रीटच्या आतच बोट दाखवतो. डफ अब्राम्स याने १९१८ मध्ये शिकागोत दाखवून दिले की पाणी वाढवले की ताकद घटते. १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातले काही रस्ते शेजारच्या रस्त्यांपेक्षा हिवाळा बरा सोसताना दिसले. शोध घेतला तर त्यांच्या सिमेंटमध्ये दळताना चरबी मिसळली होती, आणि तिने काँक्रीटमध्ये अतिसूक्ष्म बुडबुडे तयार केले होते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. त्याला पसरायला ही जागा मिळत होती. म्हणजे योगायोगाने एक औषध सापडले. (शास्त्राच्या इतिहासात चरबीला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.)

मग बुडबुड्यांचे काँक्रीट असूनही ड्राइव्हवे का सोलतात? ओतल्यावर खडी खाली बसते, पाणी वर येते. ते उडून जाण्याआधीच मिस्त्रीने थापी फिरवली, चकाकी यावी म्हणून कोरडे सिमेंट भुरभुरवले किंवा थोडे पाणी शिंपडले, की वरचे काही मिलिमीटर कमकुवत होतात आणि अति घोटल्याने तिथले बुडबुडेही निघून जातात. थंडी आणि मीठ त्याच कमकुवत कातडीवर घाव घालतात. मुंबई-पुण्यात बर्फ पडत नाही, तरी पार्किंगच्या फरशीवर हात फिरवला की पांढरी भुकटी लागते, ती बऱ्याचदा अशाच घोटाईची.

म्हणूनच ठिगळांसाठी मिळणाऱ्या पॉलिमरच्या तयार मसाल्यांची जाहिरात कितीही खरी मानली, तरी चिकट पदार्थ ज्याला चिकटतो ते पकडून राहील तेवढेच तो टिकतो. सैल कातडीला घट्ट चिकटलेले ठिगळ कातडीसकट निघते. चांगला कारागीर आधी हातोड्याने ठोकून पोकळ आवाज कुठवर येतो ते पाहतो, तेवढा भाग निरोगी खडी दिसेपर्यंत उडवतो, कडा शून्यापर्यंत पातळ न सोडता उभ्या कापतो, धूळ झाडून जुना भाग ओलसर करतो, पण त्यावर पाणी साचू देत नाही. त्यानंतरच मसाला भरतो, आणि लगेच ओल्या गोणपाटाने झाकतो.