वन्समोअरपासून रिंगटोनपर्यंत

पूर्वीचे प्रेक्षक कसे गुपचूप बसून नाटक बघायचे, असं कुणी सांगू लागलं की मला आमच्या घरातली तीन वडीलधारी माणसं आठवतात. आजोबा, मोठी आत्या आणि नानामामा. तिघांनीही आयुष्यभर नाटकं पाहिली. नानामामांनी तर बरीचशी दारात उभं राहून पाहिली, कारण ते मुंबईच्या एका नाट्यगृहात डोअरकीपर होते. त्यांच्या गोष्टींतलं नाट्यगृह कधीच गुपचूप नव्हतं. तिथे गर्दी होती, पानतंबाखू होती, रडणारी पोरं होती, शिट्ट्या होत्या. आणि तरीही ही तिघं प्रेक्षकांबद्दल ज्या आदराने बोलायची, तो आदर आजच्या नाट्यगृहात बसल्यावर मला शोधावा लागतो.

आजोबा सांगलीचे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीत, आणि म्हणून 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन; हे आम्हां नातवंडांना शाळेत कळायच्या आधी आजोबांकडून कळलं होतं. त्यांच्या लहानपणी नाटक कंपनी गावात आली की आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या यायच्या. माणसं भाकरी बांधून आणायची, घोंगड्या आणायची. नाटक रात्री सुरू व्हायचं ते पहाटेवर जायचं. बायकांची बसायची जागा वेगळी. पोरं आयांच्या मांडीवर झोपायची, तिसऱ्या अंकात उठायची, पुन्हा झोपायची. इतका वेळ, इतकी माणसं एका मांडवाखाली बसणार म्हटल्यावर आवाज होणारच.

आणि वन्समोअर! संगीत नाटकाच्या त्या काळात पद आवडलं की लोक ते पुन्हा मागायचे, मिळालं की आणखी एकदा मागायचे. नाटक लांबायचं ते यामुळे. आजोबांनी बालगंधर्वांना ऐकलं होतं. गंधर्व कंपनीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष अशी माणसं बसायची, तेव्हा गाणं पुन्हा ऐकावंसं वाटलं तर त्यात लोकांचा काय दोष! आजोबा म्हणायचे, तेच पद दुसऱ्यांदा आलं की ते तेच नसायचं. वेगळी जागा घेतलेली असायची, एखादा शब्द वेगळ्या वजनाने टाकलेला असायचा. नाटकाची गोष्ट मात्र तेवढा वेळ थांबून राहायची. ती पुढे सरकावी असं वाटणारे प्रेक्षकही होते, ते कुरकुरायचे, आणि मागणाऱ्यांची नि त्यांची बसल्या जागी जुंपायची. आजोबा हे लपवायचे नाहीत. वन्समोअरने नाटकाचं नुकसान झालं, हे ते स्वतः मान्य करायचे.

पण त्या गोंगाटालाही शिस्त होती, आणि ती आजोबांना तोंडपाठ होती. वन्समोअर द्यायचा तो पद संपल्यावर, पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आत. नट बोलायला लागला की मागणाऱ्याने तोंड मिटायचं. ताना चालू असताना टाळी वाजवायची नाही. समेवर आल्यावर मान हलवायची, हळू ‘वा’ म्हणायचं. पोर रडलं तर आईने उठून बाहेर जायचं, तिला कुणी सांगावं लागायचं नाही. पान खायचं तर अंक पडल्यावर. यातलं काहीही कुठे लिहिलेलं नव्हतं. पहिल्यांदा नाटकाला आलेला मुलगा ते शेजाऱ्याच्या कोपराने शिकायचा. आजोबाही तसेच शिकले होते.

आजोबांची एक गोष्ट मात्र मी कधीच विसरू शकणार नाही. ती त्यांनी पाहिलेली नव्हती, त्यांच्या वडिलांच्या पिढीने त्यांना सांगितलेली होती. 12 मार्च 1911, मुंबईत किर्लोस्कर कंपनीच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. त्यांनी प्रयोग होऊ दिला, तोंडाला रंग लावला आणि ते उभे राहिले. आजोबा इथे थांबायचे आणि म्हणायचे, “समोर बसलेल्याला काय माहीत, आतला माणूस घरी काय ठेवून आलाय ते. म्हणून आपण नीट बसायचं.”

नाटक बघताना कसं वागावं यावर मी बरंच काही वाचलं आहे. याच्याइतकं खरं कारण मला कुठे सापडलेलं नाही. पडद्यावरचा नट केव्हाच आपलं काम करून घरी गेलेला असतो. रंगमंचावरचा त्या क्षणी तिथे उभा असतो, त्याला आपला श्वाससुद्धा ऐकू जातो, आणि तो काय सोसून उभा आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

प्रेक्षकांच्या आवाजात केवढी ताकद असते, हे इंग्रज सरकारलाही कळलं होतं. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त कीचक म्हणजे कर्झन आणि सैरंध्री म्हणजे आपला देश, हे लोकांनी न सांगता ओळखलं. भीमाच्या प्रवेशाला मांडव कसा दणाणायचा, हे आजोबांच्या वडिलांकडून आजोबांकडे आणि त्यांच्याकडून आमच्याकडे आलं. 1910 साली सरकारने नाटकावर बंदी घातली. महाभारतातल्या कथेला सरकार घाबरलं ते त्या दणाणण्यामुळेच.

आत्या गिरगावातली. तिच्या काळापर्यंत नाट्यगृहातली हवा बदलली होती. त्या बदलाची सुरुवात 1933 साली नाट्यमन्वंतर संस्थेने केलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’पासून मानतात. ब्यर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावरून ते बेतलेलं होतं. रंगमंचावर खऱ्या घरासारखी खोली, थोडीच गाणी, ज्योत्स्ना भोळ्यांसारख्या स्त्रिया स्त्रियांच्या भूमिकांत, आणि रात्रभर न लांबता आटोपणारा प्रयोग. नट घरात बोलावं तसं बोलू लागला, तेव्हा ते ऐकायचं तर समोरच्यांना गप्प बसणं भाग होतं. नाट्यगृहातली शांतता आपल्याकडे अशी आली. कुणी नियम केला म्हणून आली नाही, नाटकाला तिची गरज पडली म्हणून आली.

आत्याचं सगळं नाटक साहित्य संघात आणि शिवाजी मंदिरात. तिच्या पर्समध्ये खडीसाखर असायची, आणि ती नेहमी रुमालात बांधलेली. चॉकलेट, लिमलेटच्या गोळ्या तिने कधी नेल्या नाहीत, कारण त्यांचा कागद वाजतो. खोकला आला तर रुमालाची गाठ दोन बोटांनी सोडायची, एक खडा तोंडात टाकायचा, गाठ पुन्हा मारायची, आणि या सगळ्यात नजर समोरून हलू द्यायची नाही. मी तिच्या शेजारी बसून हे पाहिलेलं आहे. नाट्यगृहात कसं बसावं, हे मला त्या गाठीने शिकवलं.

तिने 1970 सालचा ‘नटसम्राट’ पाहिला होता, डॉ. लागूंचा. अप्पासाहेब बेलवलकरांची स्वगतं चालू असताना भरलेल्या नाट्यगृहात कुणी खुर्चीतसुद्धा हललं नाही, असं ती सांगायची. आणि हीच आत्या काशीनाथ घाणेकरांच्या नाटकांना तितक्याच हौसेने जायची, जिथे लाल्याच्या एंट्रीला शिट्ट्यांचा पाऊस पडायचा. लाल्या म्हणजे 1966 सालच्या ‘अश्रूंची झाली फुले’तली त्यांची भूमिका. शिट्ट्या वाजवणाऱ्यांचा तिला कधी राग आला नाही. ती म्हणायची, “अगं, ते त्याच्यासाठीच वाजवतात. त्याने तोंड उघडलं की टाचणी पडली तरी ऐकू येते.”

त्या काळातला एक वेगळा गोंधळही तिने पाहिला, आणि त्याबद्दल बोलताना तिचा आवाज कडक व्हायचा. 1972 साली ‘सखाराम बाइंडर’ 13 प्रयोगांनंतर बंद पडलं, आणि कमलाकर सारंगांना ते कोर्टात लढून पुन्हा उभं करावं लागलं. त्याच वर्षी आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’वरही निदर्शनं झाली. आत्याला ‘बाइंडर’ आवडलं नव्हतं. तिने ते शेवटपर्यंत पाहिलं, आणि घरी येऊन दोन दिवस त्यावर भांडली. नापसंती दाखवायची हीच पद्धत तिला मान्य होती. नाटक न बघता ते बंद पाडायला आलेला माणूस तिच्या लेखी प्रेक्षकच नव्हता, आणि माझ्याही लेखी नाही.

नानामामांच्या गोष्टी दाराजवळच्या. उशिरा येणाऱ्यांच्या. त्यांच्या टॉर्चला पुढून लाल जिलेटिनचा कागद लावलेला असायचा आणि टॉर्च कायम जमिनीकडे. अंक सुरू झाल्यावर आलेल्या माणसाला ते लगेच आत सोडत नसत. दाराच्या पडद्याआड उभं करून ठेवत, आणि हशा पिकला किंवा टाळी पडली की त्या आवाजाच्या आडोशाने त्याला खुर्चीपर्यंत नेत. नाटक कुठे हसवतं, कुठे टाळी घेतं हे त्यांना प्रयोग बघून बघून पाठ झालेलं असायचं. एकदा एक मोठे गृहस्थ चिडले, मी कोण आहे माहीत आहे का, म्हणाले. नानामामांनी हात जोडून हळूच सांगितलं, “साहेब, दोन मिनिटांत लोक हसतील, तेव्हा जाऊ.” दोन मिनिटांत लोक हसले आणि साहेब गेले. मध्यंतरात त्यांनी नानामामांना चहा पाठवला.

असा डोअरकीपर आता क्वचित दिसतो. नाटक सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी आलेली चारजणं मोबाईलचा दिवा लावून रांगांचे नंबर वाचत फिरतात, आणि अख्खी रांग उभी राहून त्यांना वाट देते.

2019 साली सुबोध भावे यांनी प्रयोगात वाजणाऱ्या मोबाईलना कंटाळून, हे असंच चाललं तर नाटकात काम करणं थांबवीन, असं जाहीर लिहिलं. ते तेव्हा ‘अश्रूंची झाली फुले’त लाल्याचंच काम करत होते. आत्या असती तर तिला काय वाटलं असतं! ज्या भूमिकेने शिट्ट्यांचा पाऊस झेलला, त्याच भूमिकेतल्या नटाला रिंगटोनपुढे हात टेकावे लागले. त्या शिट्ट्या रंगमंचाकडे तोंड करून वाजवलेल्या होत्या. रिंगटोन ज्याची असते त्याचं तोंड खिशाकडे वळलेलं असतं, आणि त्याच्याबरोबर आजूबाजूच्या पन्नास जणांचंही.

मागे एका जिल्ह्याच्या गावी दोन पात्रांचं नाटक पाहिलं. पहिल्या अंकात आई मुलाचं पत्र वाचते. अभिनेत्री दिव्याच्या लहानशा वर्तुळात बसली होती, पत्र गुडघ्यावर, आणि ती वाचत होती इतक्या हळू की आम्ही पुढे झुकलो होतो. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला माझ्या पुढच्या रांगेत भक्तिगीत वाजू लागलं. पंचावन्न-साठीचे गृहस्थ. आधी शर्टाचा खिसा, मग पँटचा, मग बायकोची पर्स. फोन सापडला, त्यांचा चेहरा निळसर उजळला, आणि त्यांनी तो उचलला. “हां, बोल. नाही, नाटकाला आलोय. नाही नाही, बोल ना तू.”

अभिनेत्री अर्ध्या शब्दावर थांबली. मान वर केली नाही. पत्राच्या कडेवर तिचा अंगठा घट्ट झालेला मला दिसला. ते बोलणं संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली, मग तिने पत्र पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. पण आता आवाज चढा होता, वेग जास्त होता. जिथे तिचा गळा दाटून यायला हवा होता ते वाक्य ती बोलली आणि पुढे गेली. आम्ही चारशे माणसं तिकीट काढून जे ऐकायला आलो होतो, ते त्या रात्री झालंच नाही. दुसऱ्या दिवशी ते कुठल्या दुसऱ्या गावी झालं असेल. आम्हाला ते मिळणार नव्हतं.

मग मध्यंतर झालं. ते गृहस्थ बटाटेवडा खात मित्राला सांगत होते, नाटक फार छान आहे. त्यांना ते मनापासून आवडलं होतं, त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मला त्यांचा राग येईना, दुःख मात्र झालं. घरी टीव्हीसमोर बसून बोलतो तसे ते बोलले होते. समोरच्या बाईला आपलं बोलणं ऐकू जातंय, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना कोपर मारणारा शेजारी कधी भेटला नसावा. त्या रात्री आम्हीही कुणी मारलं नाही.

यावर जॅमर बसवा, असं अनेकदा सुचवलं जातं. जॅमर सरकारी परवानगीशिवाय वापरता येत नाही, आणि प्रेक्षकांत डॉक्टर असतात, घरी आजारी माणूस ठेवून आलेलेही असतात. संस्थांनी आपल्या सभासदांसाठी अख्खा प्रयोग विकत घेतला की फुकट पासवर आलेली माणसं जास्त बेफिकीर असतात, हे नाटकवाल्यांचं गाऱ्हाणं खरं आहे. पण मला भेटलेले ते गृहस्थ तिकीट काढून आले होते.

तेव्हा मागणं तुमच्याकडेच आहे. पहिल्या घंटेला खुर्चीत येऊन बसा. दुसऱ्या घंटेला फोन बंद करा, थरथरण्यावर ठेवू नका, पूर्ण बंद करा, आणि शेजारच्यालाही सांगा. त्याला वाईट वाटलं तरी सांगा. मूल रडलं तर त्याला घेऊन बाहेर जा, काही नाट्यगृहांत त्यासाठी काचेची खोली असते. आवडलं तर खुल्या हाताने टाळी द्या, गाणं रंगलं तर वन्समोअरही मागा. नाही आवडलं तर मध्यंतरात उठून जा आणि घरी जाऊन दोन दिवस भांडा.