संयोजी ऊती

संयोजी ऊती : शरीरातील इतर ऊतींना आधार देणारी, त्यांना एकमेकींशी जोडणारी आणि त्यांच्यामधल्या जागा भरून काढणारी ऊती. मानवी शरीरातील ऊतींचे चार मुख्य गट मानतात : पृष्ठभाग झाकणारी व पोकळ्यांना अस्तर पुरवणारी अभिस्तर ऊती, आकुंचन पावणारी स्नायू ऊती, संदेश वाहणारी चेता ऊती आणि चौथी ही. हाड, कूर्चा (शालेय पुस्तकांतील कास्थी), चरबी, त्वचेचा आतला जाड थर, स्नायुरज्जू, अस्थिबंध आणि रक्त यांचा समावेश या गटात होतो. दगडासारखे हाड आणि वाहते रक्त एकाच पंगतीला कसे, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याला पडतो. त्याचे उत्तर मिळाले नाही, तर ही ऊती म्हणजे उरल्यासुरल्यांचे गाठोडे वाटू लागते. ती तशी मुळीच नाही.

इतर तीन ऊतींत काम पेशी स्वतः करतात. अभिस्तराच्या पेशी फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसतात, स्नायूच्या पेशी स्वतः आखडतात, चेतापेशी स्वतः संदेश नेतात. संयोजी ऊतीत मात्र पेशी थोड्या आणि विखुरलेल्या असतात. ऊतीचा गुण ठरतो तो पेशींच्या मधल्या पदार्थावरून. या पदार्थाला आधारक म्हणतात. पेशी गवंड्यासारख्या, त्यांनी बांधलेली भिंत म्हणजे आधारक, आणि भार पेलते ती भिंत. आधारकात एकीकडे तंतू असतात, दुसरीकडे पाणी धरून ठेवणारे बुळबुळीत द्रव्य. त्यात क्षार बसले की हाड होते, ते लवचिक घट्ट राहिले की कूर्चा, आणि पातळ असले की रक्त.

ऊती ही कल्पना रुजवली ती झाव्हिए बिशा या फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञाने. सूक्ष्मदर्शक न वापरता, केवळ शवविच्छेदन करून आणि उकळणे, वाळवणे, आम्लात टाकणे असे प्रयोग करून त्याने २१ प्रकारच्या ऊती वेगळ्या ओळखल्या. १८०२ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी तो वारला. आजचे चार गट नंतर सूक्ष्मदर्शकाच्या आधारे ठरले.

संयोजी ऊतीच्या बहुतेक पेशी भ्रूणाच्या मधल्या थरापासून येतात. चेहऱ्याची बरीचशी हाडे याला अपवाद आहेत. ती घडवणाऱ्या पेशी भावी चेतासंस्थेच्या कडेवरून सुटून तेथवर प्रवास करत येतात.

कोलॅजेन : आधारकातील मुख्य तंतू कोलॅजेन या प्रथिनाचे असतात. शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एकटे कोलॅजेन असते आणि त्याचे २८ प्रकार माहीत आहेत. त्याची रचना उलगडण्यातला महत्त्वाचा टप्पा भारतात पार पडला. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ आणि १९५५ मध्ये ‘नेचर’मध्ये लेख लिहून दाखवले की, कोलॅजेनच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल येते, कारण पिळाच्या आतल्या बाजूला दुसरे काही मावतच नाही. तीन पदरांची घट्ट वळलेली दोरी डोळ्यांपुढे आणली, तर हा तंतू ताणाला इतका चिवट का, ते लगेच कळते.

हा पीळ सुटताना आपल्या स्वयंपाकघरात पाहता येतो. बकऱ्याचे पाय मंद आचेवर तासन्‌तास उकळले की त्यांतील कोलॅजेनचा पीळ उलगडतो आणि जिलेटिन पाण्यात उतरते. म्हणूनच पायाचे सूप ओठांना चिकटते आणि फ्रीजमध्ये ठेवले की खरवसासारखे थिजते. वय वाढते तसे कोलॅजेनच्या तंतूंमध्ये आडवे रासायनिक टाके पडत जातात. जून मटण शिजायला वेळ लागतो त्याचे हे मोठे कारण. चामडे कमावणे म्हणजे हेच टाके बाहेरून घालणे. कोल्हापुरी चपलेसाठी पारंपरिक पद्धतीने कातडे कमावताना बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. त्यांतील टॅनिन कातड्यातल्या कोलॅजेनला बांधून टाकते आणि ते सडत नाही.

कोलॅजेनची दोरी पक्की वळण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. बहुतेक सस्तन प्राणी ते शरीरातच तयार करतात. माणसाला ते अन्नातून घ्यावे लागते. लांबच्या सफरीवरचे खलाशी स्कर्व्हीने मरत, ते या एका उणिवेपायी. जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ या जहाजावर १२ आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला; संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने बरी झाली. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येते आणि दात हलू लागतात, कारण दात जबड्यात धरून ठेवणाऱ्या कोलॅजेनची झीज-भर फार वेगाने चालते आणि टंचाई तेथे आधी जाणवते. त्याहून भयंकर म्हणजे, वर्षांपूर्वी भरलेली जखम पुन्हा उकलते. आपल्या अंगावरचा जुना वण म्हणजे संपलेले काम नसते, तो सतत विणला जात असतो. विणकर थांबले की वीण सुटते.

बाजारात मिळणाऱ्या कोलॅजेनच्या पावडरीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खाल्लेल्या कोलॅजेनचे पचन होऊन अमिनो आम्ले आणि छोटे पेप्टाइड बनतात. ते आहे तसे जाऊन गुडघ्यात किंवा गालावर बसत नाही.

विरल ऊती व चरबी : त्वचेखाली, रक्तवाहिन्यांभोवती आणि अवयवांच्या मधल्या फटींत सैल विणीची ऊती असते. तंतू तयार करणाऱ्या पेशींबरोबर तिच्यात जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी आणि ॲलर्जीच्या वेळी हिस्टामीन सोडणाऱ्या पेशीही वावरतात. पाय सुजल्यावर घोट्यापाशी बोटाने दाबले की खळगा पडतो आणि काही वेळ तसाच राहतो. तो या ऊतीत साठलेल्या जादा पाण्याचा खळगा असतो. चरबीच्या पेशीत तेलाचा एकच मोठा थेंब असल्याने तिचे केंद्रक कडेला ढकलले जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती खड्याच्या अंगठीसारखी दिसते. चरबी म्हणजे केवळ साठा नव्हे. ती टाचेखालची गादी आहे, डोळ्याच्या खोबणीतले अस्तर आहे, आणि लेप्टिनसारखी संप्रेरके तयार करणारा कारखानाही आहे.

स्नायुरज्जू आणि अस्थिबंध : स्नायूला हाडाशी जोडतो तो स्नायुरज्जू, हाडाला हाडाशी बांधतो तो अस्थिबंध. बोलण्यात दोघांनाही ‘नस’ किंवा ‘शीर’ म्हटले जाते आणि त्यात रक्तवाहिनी व चेतातंतूही मिसळून जातात. अंगठा करंगळीला टेकवून मनगट किंचित आत वळवले, तर मनगटाच्या मधोमध बहुतेकांना एक ताठ दोरी उठलेली दिसते. ती शीर नव्हे, स्नायुरज्जू आहे. काहींना ती जन्मतःच नसते आणि त्यांचे काही अडत नाही. म्हणून शल्यचिकित्सक हाच रज्जू काढून दुसरीकडे ठिगळासाठी वापरतात. दोन्ही बंधांत कोलॅजेन एका दिशेने दाटीने रचलेले असते आणि रक्तपुरवठा बेताचा असतो. मुरगळलेला पाय महिनोन्‌महिने कुरकुरतो तो यामुळे.

कूर्चा : नाकाचे टोक, कानाची पाळ दुमडल्यावर हाताला लागणारा लवचिक भाग, श्वासनलिकेची कडी आणि सांध्यातल्या हाडांची गुळगुळीत टोके कूर्चेची असतात. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, चेतातंतूही नाहीत. सांध्यातल्या कूर्चेचे पोषण भोवतीच्या द्रवातून झिरपत येते : भार पडला की स्पंजातून पाणी निघावे तसा द्रव बाहेर येतो, भार हटला की आत ओढला जातो. त्यामुळे सांधा हलता ठेवणे हेच तिचे जेवण. ‘गुडघ्यातले वंगण संपले’ असे आपण सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात बहुधा झिजलेली असते ती कूर्चा, आणि झिजलेली कूर्चा शरीर पूर्वीसारखी भरून देऊ शकत नाही. वेदना होते ती कूर्चेला नव्हे, तर खालच्या हाडाला आणि सांध्याच्या आवरणाला. म्हणून दुखू लागेपर्यंत बरीच झीज होऊन गेलेली असते.

रक्त : रक्ताचा आधारक म्हणजे रक्तद्रव. तो एकूण रक्ताच्या सुमारे ५५ टक्के असतो. वर सांगितलेले सूत्र येथे थोडे ताणावे लागते, कारण रक्तद्रवातली बहुतेक प्रथिने रक्तपेशी नव्हे तर यकृत तयार करते, आणि तंतू तर दिसतच नाहीत. पण बोट कापले की काही मिनिटांत फायब्रिनचे तंतू जाळ्यासारखे उभे राहतात आणि द्रव घट्ट होतो. रक्तपेशी जन्मतात त्या हाडांच्या आतल्या मज्जेत. लाल पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे.

हाड : हाडाच्या कोरड्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम-फॉस्फेटच्या स्फटिकांचा, उरलेला बहुतांशी कोलॅजेनचा. हे दोन्ही वेगळे करून पाहता येतात. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवले, तर क्षार विरघळून जातात आणि हाड रबरासारखे वाकते. तेच हाड विस्तवात भाजले, तर कोलॅजेन जळते, आकार तसाच राहतो आणि बोटांच्या चिमटीत त्याचा चुरा होतो. क्षार दाब पेलतात, कोलॅजेन ताण पेलते.

घट्ट हाडाचा पातळ काप घेतला तर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे दिसतात आणि प्रत्येकाच्या मध्यभागी रक्तवाहिनीची नळी असते. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्लिश वैद्याने १६९१ मध्ये या नळ्यांचे वर्णन केले आणि त्याचेच नाव त्यांना मिळाले. वर्तुळांच्या मधल्या बारीक खोबणींत पेशी बसलेल्या असतात आणि केसाहून बारीक वाटांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. काही पेशी हाड पोखरतात, काही बांधतात. भार पडेल तेथे बांधकाम वाढते. भार गेला की हाड विरळ होते. अंतराळात राहणाऱ्यांच्या वजन पेलणाऱ्या हाडांत महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्के घट होते. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असते आणि रक्तात ते कमी पडले की हाडातून उचलले जाते.

भरून येणे : त्वचेची खोल जखम संयोजी ऊतीच भरते. आधी नाजूक कोलॅजेन घाईने घातले जाते, मग महिनोन्‌महिने त्याच्या जागी मजबूत कोलॅजेन येत राहते. तरी वणाची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही, आणि काहींच्या अंगावर हे काम वेळेत न थांबल्याने जखमेच्या हद्दीबाहेर वाढणारा जाड वण तयार होतो. हाडाचे तसे नाही. मोडलेल्या जागी आधी कूर्चेचा गोळा धरतो, त्याचे हाड बनते आणि भाराच्या दिशेने ते पुन्हा कोरले जाते. लहान मुलाचा मोडलेला हात नीट जुळला असेल, तर काही वर्षांनी काढलेल्या एक्स-रेत तो कोठे मोडला होता हे सहसा दाखवता येत नाही.