विज्ञान प्रयोगशाळेत अपघात का होतात? कोणती काळजी घ्यावी?

२९ डिसेंबर २००९ रोजी मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत आग लागली आणि दोन तरुण संशोधकांचा होरपळून मृत्यू झाला. अणुभट्टीशी या आगीचा संबंध नव्हता.

बरोबर एक वर्ष आधी, २९ डिसेंबर २००८ रोजी, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३ वर्षांची संशोधन सहायक भाजली. १८ दिवसांनी तिचा मृत्यू झाला. हवा लागताच पेटणारे टर्ट-ब्युटिल लिथियम सिरिंजमधून सांडले होते. तिच्या अंगात प्रयोगशाळेचा कोट नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. असे कापड वितळून त्वचेला चिकटते. म्हणून कोट सुती असावा.

लहान महाविद्यालयांतही धोका आहे का?

आहे. हिमायतनगरसह नांदेड, लातूर भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. प्रयोगशाळेतले डायइथिल ईथर मात्र ३४.६ अंशांनाच उकळते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने टेबलावरून सरकत दूरच्या बर्नरपर्यंत पोहोचते आणि पेट घेते. त्यामुळे ईथरची बाटली थंड, हवेशीर जागी, आगीपासून लांब ठेवावी लागते.

नको असलेले साहित्य कुठे जाते?

दिल्ली विद्यापीठाने वापरात नसलेले कोबाल्ट-६० असलेले यंत्र २०१० मध्ये लिलावात काढले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते तोडले गेले. किरणोत्सर्गाने एका कामगाराचा मृत्यू झाला, इतर काहींना इजा झाली. जुनी रसायने आणि उपकरणे भंगारात देऊ नयेत, हा यातला धडा.

हे लक्षात ठेवा

• आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात हळूहळू ओता. आम्लात पाणी कधीही ओतू नका.
• सोडियमच्या आगीवर पाणी टाकू नका, कोरडी वाळू टाका.
• पिपेट तोंडाने ओढू नका.
• डोळ्यात रसायन गेल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा, मग लगेच डॉक्टरांकडे न्या.
• प्रयोगशाळेत एकट्याने काम करू नका.
• गंभीर इजा झाल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच तासाला अग्निशामक, वाळूची बादली आणि बाहेर पडायचा दरवाजा कुठे आहे हे पाहून ठेवा. धुराने खोली भरल्यावर ते शोधायला वेळ मिळत नाही.